चुलीत काय घालू? : सरपण आणि माकडतापाचा इतिहास

२०१६ सालचा फेब्रुवारी महिना. माझा दवाखाना सिंधुदुर्गाच्या दक्षिण टोकाला, गोव्याच्या हद्दीपासून फार लांब नाही. पन्नाशी ओलांडलेल्या एक काकी मुलाच्या आधाराने आत आल्या. तीन दिवसांपासून जोराचा ताप, डोकं फुटेल असं दुखणं, पाठ आणि पोटऱ्या हात लावू न देण्याइतक्या ठणकणाऱ्या, डोळे लाल. रक्त तपासलं तर पांढऱ्या पेशी कमी, प्लेटलेट कमी. डेंग्यू निगेटिव्ह, मलेरिया निगेटिव्ह. आमच्या भागात असा ताप दिसला की लेप्टोची शंका आधी येते, त्यामुळे मी त्याची औषधं सुरू केली. दुसऱ्या दिवशी हिरड्यांतून रक्त यायला लागल्यावर त्यांना मोठ्या रुग्णालयात पाठवलं. त्या वाचल्या, पण पूर्ववत व्हायला दोन महिने लागले.

निदान झालं ते माकडतापाचं. आम्हा डॉक्टरांना पहिल्या वर्षापासून शिकवतात की आधी हिस्ट्री घ्या, तपासण्या नंतर. मी प्रवास विचारला होता, शेतातलं पाणी विचारलं होतं, घरात उंदीर आहेत का हेही विचारलं होतं. 'लाकडं आणायला रानात जाता का?' एवढं मात्र विचारलं नव्हतं. त्या रोज जात होत्या.

बऱ्या झाल्यावर तपासणीला आल्या तेव्हा मी बजावलं, "काकी, आता डिसेंबर ते मे रानात पाऊल टाकायचं नाही." त्या हसल्या आणि म्हणाल्या, "डॉक्टरांनु, रानात जावचा नाय म्हणतास, मगे चुलीत काय माझी हाडां घालू?"

या प्रश्नाला माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं. नंतर या आजाराबद्दल वाचत गेलो तेव्हा लक्षात आलं की हा प्रश्न फार जुना आहे आणि माकडतापाचा सगळा इतिहास त्याच्याभोवतीच फिरतो. आज तो इतिहास तुम्हाला सांगतो, आणि शेवटी काकींच्या प्रश्नाचं मला जमेल तेवढं उत्तरही देतो.

क्यासनूर, १९५७

तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, शिमोगा जिल्ह्याच्या सोरब तालुक्यात क्यासनूर नावाचं जंगल आहे. १९५७ च्या मार्चमध्ये तिथून बातमी आली की जंगलात माकडं मरून पडताहेत आणि आसपासच्या गावांतली माणसं तापाने आजारी पडताहेत. सुरुवातीला हा विषमज्वराचा प्रकार वाटला. पण आजारी पडणारे बहुतेक जण जंगलात जाणारे होते. कुणी लाकडं तोडायला, कुणी गुरं चारायला, कुणी पाला गोळा करायला.

माकडं आणि माणसं एकाच वेळी मरताहेत हे ऐकून तज्ज्ञांच्या पोटात गोळा आला तो वेगळ्या कारणाने. दक्षिण अमेरिकेत जंगलातला पिवळा ताप असाच दिसतो. तिकडे आधी माकडं मरतात आणि मग जंगलात काम करणारी माणसं. पिवळा ताप आशियात कधीच आलेला नव्हता. तो आला असता तर त्याचे डास आणि त्याच्यापासून अजिबात संरक्षण नसलेली कोट्यवधी माणसं इथे तयारच होती.

पुण्यात १९५२ साली भारतीय वैद्यक संशोधन परिषद आणि रॉकफेलर फाउंडेशन यांनी मिळून विषाणू संशोधन केंद्र सुरू केलं होतं. हीच आजची एनआयव्ही, म्हणजे राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था. केंद्राचे संचालक टेलफोर्ड वर्क, कीटक आणि प्राणी यांचे अभ्यासक हॅरॉल्ड ट्रॅपिडो आणि त्यांचे भारतीय सहकारी क्यासनूरला पोचले. मेलेली माकडं, रुग्णांचं रक्त आणि जंगलातल्या गोचिडी तपासल्यावर एक नवाच विषाणू हाती लागला. तो पिवळ्या तापाचा नव्हता. रशियाच्या जंगलांत गोचिडींमुळे होणाऱ्या मेंदूज्वराच्या विषाणूंशी त्याचं नातं होतं. जंगलाच्या नावावरून आजाराचं नाव पडलं क्यासनूर फॉरेस्ट डिसीज. कन्नडमध्ये लोक त्याला 'मंगन कायिले' म्हणतात, आपण माकडताप म्हणतो.

रशियातला भाऊबंद इथे कसा आला, याचंही कोडं होतं. स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांच्या अंगावरच्या गोचिडींनी तो आणला असेल का? हे तपासण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने, सलीम अलींच्या नेतृत्वाखाली, पक्ष्यांच्या पायात कडी घालून त्यांचा मागोवा घेण्याचं मोठं काम हाती घेतलं. पक्ष्यांनी विषाणू आणल्याचा पुरावा मिळाला नाही, पण भारतातल्या पक्षी-स्थलांतराच्या अभ्यासाला त्यातून मोठी चालना मिळाली.

या संशोधनाची किंमतही मोजावी लागली. प्रयोगशाळेत हा विषाणू हाताळताना अनेक कर्मचाऱ्यांना लागण झाली. म्हणूनच आज तो अतिशय कडक सुरक्षा असलेल्या प्रयोगशाळांतच हाताळला जातो.

झाड पाडलं की काय खाली येतं?

या कामासाठी पुण्याला आलेल्यांपैकी एक होते कोलंबियाचे डॉक्टर जॉर्ज बोशेल. त्यांची एक जुनी गोष्ट वैद्यकाच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. त्यांच्या देशात ते जंगलातल्या पिवळ्या तापाचा शोध घेत होते. जमिनीवर तो पसरवणारे डास सापडत नव्हते. एकदा लाकूडतोडे झाड पाडत असताना ते जवळ उभे होते. झाड कोसळलं आणि शेंड्याबरोबर निळसर डासांचा थवा खाली येऊन माणसांना चावू लागला. डास वरच्या छतात, माकडांच्या सोबतीने राहत होते. कुऱ्हाडीने ते माणसाच्या उंचीवर आणले.

क्यासनूरला डास नव्हते, गोचिडी होत्या. पण माणूस जंगलात ज्या कामासाठी शिरतो, ते कामच त्याला विषाणूपर्यंत नेतं, ही गोष्ट दोन्हीकडे सारखी होती.

गोचिडीचं पंचांग आणि सरपणाचं पंचांग

हा भाग नीट वाचा, कारण सगळी खोच इथे आहे.

हा विषाणू मुख्यतः हिमाफायसॅलिस नावाच्या रानगोचिडींमध्ये राहतो. रानातले उंदीर, चिचुंद्र्या आणि इतर लहान प्राणी यांच्यामार्फत तो टिकून असतो. पूर्ण वाढलेली गोचीड गुरांसारख्या मोठ्या प्राण्यांचं रक्त पिते, पावसाळ्यात जमिनीवर अंडी घालते. पाऊस सरल्यावर त्यांतून बारीक पिल्लं निघतात. ती एकदा रक्त पिऊन कात टाकतात आणि डिसेंबरपासून मेपर्यंत पुढच्या अवस्थेत, किशोर गोचीड म्हणून, पाचोळ्यात वाट बघत बसतात. ही किशोर गोचीड खसखशीच्या दाण्याहून थोडीच मोठी असते, चावलेली कळतही नाही. माणसाला लागण करते ती बहुतेक वेळा हीच.

आता आपल्या घरचं पंचांग बघा. भात झोडून झालं की बायाबापड्या सरपणाच्या मागे लागतात. चार महिन्यांच्या पावसाची बेगमी करायची असते. ऐन, किंजळ, काजूच्या छाटलेल्या फांद्या, वाळकी फाटी, नारळाची चुडतं, सगळं मांगरात कोरडं रचून ठेवायचं असतं. याच दिवसांत गोठ्यासाठी आणि तरव्याच्या भाजावळीसाठी पातेरा गोळा होतो. काजूच्या बागा साफ होतात आणि बी वेचायची असते. म्हणजे डिसेंबर ते मे.

दोन्ही पंचांगं तंतोतंत जुळतात. म्हणून रुग्णांची संख्या जानेवारी ते मार्चमध्ये सर्वांत जास्त असते आणि पावसाळ्यात जवळजवळ शून्यावर येते.

माकडांचा यात दोष काय? काहीच नाही. काळ्या तोंडाचं वानर आणि लहान टोपीमाकड, दोघंही या विषाणूला आपल्यापेक्षा जास्त बळी पडतात. आजारी माकड झाडावरून खाली पडतं, तिथेच मरतं आणि त्याच्या अंगावरच्या विषाणूभरल्या गोचिडी त्या जागी पसरतात. मेलेलं माकड म्हणजे धोक्याची पहिली घंटा आहे. माकडाचा राग करून किंवा त्यांना मारून हा आजार थांबत नाही. माणसाकडून माणसालाही तो होत नाही, त्यामुळे रुग्णाला वाळीत टाकण्याचं काहीही कारण नाही.

घाट उतरून खाली

पहिली काही वर्षं हा शिमोग्याचा स्थानिक आजार समजला जात होता. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला दक्षिण कन्नड जिल्ह्यात, काजू लागवडीसाठी जंगल साफ केलेल्या भागात मोठा उद्रेक झाला. जंगल आणि वस्ती यांच्यामधली कड जितकी लांब आणि तुटक, तितका माणूस, गुरं, माकडं आणि गोचिडी यांचा संबंध जास्त.

२०१२ नंतर बंदीपूर, निलगिरी आणि वायनाड या भागांत आजार सापडला. २०१५ मध्ये गोव्याच्या सत्तरी तालुक्यात आला आणि २०१६ च्या सुरुवातीला आमच्या दोडामार्गात. पुढच्या वर्षी सावंतवाडी तालुक्यातही रुग्ण निघाले. आजार आपल्या दारात नवा होता, पण वैद्यकाला तो जवळपास ६० वर्षं माहीत होता. तरीही शेजारच्या जिल्ह्यांतले अनुभव आमच्या टेबलापर्यंत पोचले नव्हते. माझ्या हातून काकींची हिस्ट्री अपुरी राहिली त्याचं हे कारण आहे, सबब नाही.

'रानात जाऊ नका' या सल्ल्याचं काय झालं?

१९५७ नंतर लगेच, नातेवाईक असलेल्या रशियन आजारावरची लस इथे वापरून पाहिली गेली. उपयोग झाला नाही. पुढे याच विषाणूपासून भारतात लस तयार झाली आणि १९९० पासून कर्नाटकात ती देण्यात येऊ लागली. पण एक महिन्याच्या अंतराने दोन डोस, मग बूस्टर, मग दरवर्षी पुन्हा बूस्टर, आणि सुई टोचल्यावर चांगलंच दुखायचं. लाकडांचा भारा टाकून त्यासाठी रांगेत उभं राहणारे कमीच. संरक्षणही पूर्ण नव्हतं. अलीकडे ही जुनी लस वापरातून गेली आहे आणि नव्या लशीवर काम चालू आहे.

गोचिडींना दूर ठेवणारं तेल वाटलं गेलं, आधी डीएमपी आणि आता डेपा. मेलेल्या माकडाच्या भोवती कीटकनाशक भुकटी मारणं सुरू झालं. आणि या सगळ्याबरोबर दरवर्षी तोच फलक लागत राहिला: जंगलात जाऊ नका.

माझ्या मते हा सल्ला चुकीचा नाही, अपुरा आहे. १ मे २०१६ ला उज्ज्वला योजना सुरू झाली आणि आमच्याकडेही घराघरांत सिलिंडर आले. चहा, भाजी, आमटी गॅसवर होऊ लागली. पण न्हाणीचं पाणी तापवायला, उकड्या तांदळाचं भात उकडायला, गुरांचं आंबोण शिजवायला गॅस कुणाला परवडतो? तिथे सरपणच लागतं. ज्या घरात जास्त ओढगस्त, त्या घरातली बाई जास्त वेळा रानात जाते. तिला 'जाऊ नका' म्हणून डॉक्टर मोकळा होतो, ती होत नाही. तेव्हा जायचंच असेल तर कसं जायचं, हे सांगणं आमचं काम आहे.

जाण्यापूर्वी

पहिली गोष्ट म्हणजे शक्य ते सरपण डिसेंबरच्या आत किंवा परड्यातूनच भागवा. काजू आणि आंब्याची छाटणी, चुडतं, करवंट्या, सोडणं हे सगळं जळण घराजवळच आहे.

रानात जाताना पूर्ण बाह्यांचा सदरा घाला. साडी असेल तर आतून लेगिंग किंवा पायजमा घाला, त्याची टोकं मोज्यात खोचा, वर गमबूट. फिक्या रंगाच्या कपड्यावर गोचीड लगेच दिसते. उघड्या भागाला आरोग्य केंद्रातून मिळणारं तेल, त्यावरच्या सूचनेप्रमाणे लावा. डोळ्यांना आणि जखमेला लावू नका.

गोळा करताना

पाचोळ्यात बसू नका, आडवे होऊ नका. विश्रांती घ्यायची तर उघड्या खडकावर घ्या. पडलेलं लाकूड उचलण्यापूर्वी काठीने हलवा. आपल्याकडे फुरसं दगडाखाली आणि पाचोळ्यातच असतं. वर अडकलेली वाळकी फांदी खालून ओढू नका, ती डोक्यावरच येते. विजेच्या तारेला टेकलेल्या फांदीला तर हातच लावू नका.

बिब्ब्याचं लाकूड ओळखून बाजूला ठेवा. त्याच्या चिकाने कातडी भाजल्यासारखी होते आणि धूरही त्रास देतो. खाजकुयलीच्या वेलाजवळची फाटी सोडून द्या.

मेलेलं किंवा लोळागोळा झालेलं माकड दिसलं तर जवळ जाऊ नका. जागा लक्षात ठेवा आणि वन खात्याला किंवा आरोग्य केंद्राला कळवा. त्या भागातलं सरपण त्या मोसमापुरतं सोडा.

भारा एका खेपेत संपवायची घाई नको. ज्या भाऱ्याला डोक्यावर चढवायला दोघींची मदत लागते, तो तुमच्या मानेला जड आहे. मानेच्या मणक्यांचे असे कितीतरी एक्स-रे मी पाहिले आहेत. दोन हलके भारे बरे.

तोडताना आणि फोडताना

माकडतापापेक्षा कुऱ्हाडीचे रुग्ण माझ्याकडे कितीतरी जास्त येतात, म्हणून हेही सांगतो.

कुऱ्हाडीचा दांडा आधी तपासा. हलत असेल तर पाण्यात भिजत घालून घट्ट करण्याची पद्धत आहे, पण लाकूड सुकलं की तो पुन्हा ढिला पडतो. नीट पाचर मारून घ्या. बोथट कुऱ्हाड जास्त धोक्याची, कारण ती लाकडावरून घसरते.

फोडायचं लाकूड जमिनीवर नको, गुडघ्याएवढ्या उंचीच्या रुंद ओंडक्यावर ठेवा, तेही तुमच्यापासून लांबच्या कडेला. म्हणजे घाव चुकला तरी कुऱ्हाड ओंडक्यात बसते, नडगीत नाही. पाय फाकवून उभे राहा. लाकूड पायाने किंवा हाताने धरून घाव घालू नका. आधीची चीर शोधून तिच्यावर मारा. गाठीचं लाकूड मध्ये फोडण्याऐवजी कडेने सोलत आणा किंवा लोखंडी पाचर वापरा. ढलप्या वेचायला आलेल्या पोरांना लांब पाठवा.

डोळ्यांवर साधा गॉगल तरी हवाच. ढलपी किंवा काटकी डोळ्याला लागली तर घरातले जुने थेंब घालू नका. झाडपाल्याच्या इजेनंतर बुबुळाला बुरशीची जखम होऊ शकते, आणि स्टेरॉइडच्या थेंबांनी ती झपाट्याने वाढते. त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जा.

कापलं तर स्वच्छ कपडा घट्ट दाबून धरा, हातपाय वर ठेवा. चहापूड, चुना, हळद भरू नका, आम्हाला ते आधी धुवावं लागतं. धनुर्वाताच्या इंजेक्शनचं विचारा.

घरी आल्यावर

भारा थेट पडवीत नेऊ नका. अंगणाच्या कडेला उन्हात टाका, झटका, मग रचा. रास जमिनीपासून वीतभर उंच आणि घराच्या भिंतीपासून लांब असावी. विंचू-सापांना खालची ओल आणि अंधार आवडतो. पातेऱ्याचा ढीगही दारात नको.

कपडे बाहेर काढून गरम पाण्यात भिजवा. साबण लावून अंग घासून अंघोळ करा आणि काख, जांघ, कंबरेची नाडी बसते ती जागा, कानामागचा भाग, केसांची कड तपासा. पाठ घरातल्या कुणाकडून तरी बघून घ्या. गोचीड चिकटलेली दिसली तर चिमट्याने कातडीजवळ धरून सरळ वर ओढा. रॉकेल, जळती काडी, नखाने चिरडणं यातलं काही नको. जागा साबणाने धुवा.

ताप आला तर

गोचीड चावल्यापासून साधारण ३ ते ८ दिवसांत एकदम ताप, भयंकर डोकेदुखी, अंगदुखी आणि उलट्या सुरू होतात. काहींना रक्तस्राव होतो. काही जणांचा ताप उतरतो आणि एक-दोन आठवड्यांनी परत येतो, तेव्हा मान आखडणं, भ्रम, थरथर अशी मेंदूची लक्षणं दिसू शकतात. म्हणून पहिला ताप गेला तरी लक्ष ठेवायचं. १०० रुग्णांमागे ३ ते ५ दगावतात.

विषाणू मारणारं खास औषध नाही. पण वेळेवर पाणी-सलाईन, रक्तस्रावावर नजर आणि योग्य रुग्णालय यांनी जीव वाचतात. तापाला पॅरासिटामॉल चालेल. अ‍ॅस्पिरिन किंवा दुखण्याच्या इतर गोळ्या स्वतःहून घेऊ नका, रक्तस्राव वाढू शकतो. सुरुवातीच्या दिवसांत पीसीआर आणि नंतर आयजीएम तपासणीने निदान होतं.

आणि एक विनंती. डॉक्टरने विचारलं नाही तरी तुम्ही सांगा: 'मी लाकडं आणायला गेले होते, अमुक रानात, अमुक दिवशी.' तो माझ्यासारखा विसरलेला असू शकतो.

काकी अजूनही रानात जातात. आता गमबूट घालून, सुनेला बरोबर घेऊन, दोन हलके भारे आणतात. मागच्या जानेवारीत त्यांनी शेजारणीच्या मुलाला ताप आल्याबरोबर माझ्याकडे पाठवलं. त्याच्या केसपेपरच्या मागे त्यांनी कुणाकडून तरी लिहून घेतलं होतं: 'गेल्या आठवड्यात फाटी आणूक गेल्लो.' मी त्याला त्याच दिवशी तपासणीसाठी पाठवलं. साधा ताप निघाला. पण त्या पोराची हिस्ट्री पूर्ण होती.